साबण चाखणारे शिरस्तेदार

घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी आम्हाला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मटण-मासळी खाता का हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तळण किती वेळा होतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. लग्नाला महिनाच झालेला, तळण किती वेळा होतं हे त्याला तरी कुठून माहीत असणार! शेवटी मीच म्हटलं, "सणावाराला होतं. आणि पाऊस पडला की भजी."

"मग कठीण आहे," ते म्हणाले. त्यांनी अंगणातून वर आभाळाकडे पाहिलं. दुष्काळाचं वर्ष होतं, आभाळ नुसतं तापलेल्या पत्र्यासारखं. "भज्यांचा भरवसा नाही. पण ठीक आहे, घर मंजूर. जळकं तेल फेकायचं नाही, खाली आणून द्यायचं. आणि या घरात दुकानचा साबण चालत नाही."

उस्मानपुऱ्यातलं ते घर आम्हाला असं मिळालं. वरच्या दोन खोल्या, बाहेरून जिना. नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि मी जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. खाली मालक आणि त्यांच्या पत्नी, आणि मागच्या खोलीत एसटीतला एक कंडक्टर भाड्यानं. मालकांना अख्खी गल्ली शिरस्तेदार म्हणायची. कोर्टात न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून कागद लावणं, पक्षकारांची नावं पुकारायला लावणं, तारखा देणं, यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि ते मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'बाई'. मी शाळेत बाई होते म्हणून जिन्यावरही बाई.

काकांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, आणि वरून कोर्टाची भाषा. त्यामुळे घरातली साधी गोष्टही त्यांच्या तोंडून निकालासारखी निघायची. दूध उतू गेलं तर चहा 'तहकूब'. मांजरानं साय खाल्ली तर मांजराचं 'बयान' घ्यायचे, आणि ते काही बोललं नाही म्हणून 'शकचा फायदा' देऊन सोडायचे. काकू आतून ओरडायच्या, "शकचा फायदा तुम्हीच द्या. साय मला परत विरजावी लागती!"

पण खरी कचेरी भरायची ती साबणाची.

महिन्या-दीड महिन्यातून एकदा काका साबण करायचे. कोपऱ्यावरचा भजीवाला चाचा डबा भरून जळकं तेल ठेवायचा. "शिरस्तेदार साब, आज तेल भौत काला होगया, लेको जाव," असं तो सायकल अडवून सांगायचा, आणि काका जणू तूप मिळाल्यासारखा डबा दोन्ही हातांनी घ्यायचे. घरोघरचं तळणाचं तेल, थोडं करडईचं, थोडं खोबरेल, हे सगळं उकळत्या पाण्यात धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. मग कॉस्टिक सोडा. तो पाण्यात टाकला की पाणी आपोआप तापतं आणि वाफ डोळ्यात जाते, म्हणून काका डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा चढवायचे आणि अंगणातून पुकारा करायचे, "सगळ्यांनी आत व्हा!" काकू दोरीवरचे कपडे काढायच्या. कंडक्टर मांजर उचलायचा. आम्ही वरच्या कठड्यावरून बघत राहायचो. लोखंडी घमेल्यात कडुनिंबाच्या दांडक्यानं ते मिश्रण ढवळलं जायचं, कायम एकाच बाजूनं. उलट फिरवलं तर साबण रुसतो, असं काकांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "खरंच रुसतो?" तर म्हणाले, "मी कधी उलट फिरवलं नाही, मला काय माहीत."

मिश्रण पिठल्यासारखं झालं की साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं वड्या कापायच्या आणि जिन्याखालच्या जुन्या बाजेवर मुरायला ठेवायच्या. साबण मुरावा लागतो. नवा साबण कातडी जाळतो. मुरला की शांत होतो. आणि तो शांत झाला का नाही, हे काका जिभेनं बघायचे.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी वरच्या कठड्यापाशी उभी होते. रविवारची सकाळ. काकांनी चूळ भरली, खुर्चीत ताठ बसले, बाजेवरची एक वडी उचलली आणि तिला जीभ लावली. डोळे मिटले. मग वडी खाली ठेवत म्हणाले, "तहकूब. पुढच्या रविवारी." दुसऱ्या घाण्यातली वडी उचलली, चाटली, आणि मान डोलावली. "मंजूर."

"काका, हे काय?" मी वरून विचारलं.

"कच्चा साबण जिभेला चावतो बाई. मुरलेला चावत नाही, नुसता बेचव लागतो. कातडी मागाहून सांगते, जीभ आधी सांगते."

त्या साबणाला फेस बेताचाच यायचा, आणि अंगाला किंचित भज्यांचा वास राहायचा. ऊन चढलं की कंडक्टरच्या मागं कुत्री लागतात, असं माझा नवरा म्हणायचा. फेसाची तक्रार केली की काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "फेस काय, निवडणुकीतही येतो. मळ निघाला का ते बोला." आणि मळ निघायचा, हे खोटं नाही. बादलीभर पाण्यात कपडे निघायचे, पावडरीसारखं तीन-तीनदा खळबळावं लागायचं नाही.

पाण्याची ती वर्षं आठवली की अजून घसा कोरडा पडतो. शहर चारी बाजूंनी वाढत चाललेलं. चिकलठाण्याकडे रोज नव्या चाळी, नव्या कॉलन्या उभ्या राहत होत्या आणि नळाला पाणी मात्र आज येतं का उद्या येतं, कोणी सांगू शकत नव्हतं. टँकर आला की गल्लीत भांडणं. अशात काकांनी घरातल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी एका नालीत आणलं होतं, आणि ती नाली मागच्या अंगणातल्या कर्दळीला, अळूला आणि एका लिंबोणीला जायची. आजूबाजूची झाडं वाळून काटक्या झाली, तेव्हा आमच्या घराचं अळू हिरवंगार होतं. गल्लीतल्या बायका अळूची पानं मागायला यायच्या. काकू द्यायच्या, आणि म्हणायच्या, "तळण झालं की तेल आणून दे बरं का, नाहीतर माझं काही खरं नाही."

ही नाली म्हणजे काकांचा खबऱ्या. दुकानचा साबण वापरला की नालीत फेसाचे बुडबुडे दिसायचे. माझ्या नवऱ्याला लग्नात कोणीतरी गुलाबी, वासाचा साबण दिलेला. काही दिवस त्यानं तो जपून ठेवला, मग एका सकाळी राहवलं नाही. आंघोळ करून, भांग पाडून तो कामाला निघाला, तर काका नालीपाशी उकिडवे बसलेले. नवरा शेजारून गेला तसं त्यांनी नाक वर केलं आणि एवढंच म्हणाले, "गुलाब."

नवरा परत वर आला, मुकाट्यानं साबण घेऊन खाली गेला आणि त्यांच्या हातात ठेवला. मला म्हणाला, "लई अवघड माणूस हाय. साहेबाला घाबरत नाय मी एवढा."

जिभेचं कौतुक साबणापुरतं असतं तर ठीक होतं. काका ओंजळभर पाणी तोंडात घेऊन टँकर कुठला ते सांगायचे. "हे पडेगावकडच्या विहिरीचं," म्हणायचे, आणि टँकरवाला कबूल व्हायचा. गूळ घ्यायचा तर किराणा दुकानदार आधी काकांना चाखवायचा. या सगळ्याचा जाच एकट्या काकूंना. रोज ताट पुढं आलं की पहिला घास, डोळे मिटून, आणि मग निकाल. "मीठ चिमूटभर पुढं गेलंय." "फोडणीत हिंग मागून टाकला." "डाळ कालची आहे का?" डाळ कालची असायचीच. काकू मला म्हणायच्या, "माझी सासू परवडली गं. ती बिचारी गिळायची तरी!" काकूंना त्यांच्या स्वयंपाकाबद्दल कोणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणजे आम्ही म्हणायचो, पण आमच्या म्हणण्याला काय किंमत? त्यांचे कान खालच्या खुर्चीकडे लागलेले असायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात गल्लीत ताप आला. पाणी साठवायला घरोघर पिंपं, हौद, हंडे भरून ठेवलेले, त्यात डास झाले. हाडं मोडून काढणारा ताप होता. माझा नवरा पडला, कंडक्टर पडला, आणि सगळ्यात जास्त पडले ते काका. आठवडाभर त्यांना शुद्ध नसल्यासारखी होती. उठले तेव्हा सदरा खांद्यावरून घसरत होता. पण माणूस निवळला होता.

निवळला म्हणजे काय, तर पहिल्याच दिवशी मऊ भात आणि आमटी खाऊन म्हणाले, "फक्कड."

काकू जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर येत नसत. दम लागलेला, तोंडाला पदर लावलेला. "अगं, फक्कड म्हणाले," त्या म्हणाल्या. "मी दोनदा विचारलं. दोनदा म्हणाले."

त्या दिवसापासून खालचं घर पालटलं. काकूंनी वर्षानुवर्षं न केलेले पदार्थ काढले. शेंगदाण्याचं झिरकं, कळण्याची भाकरी, सांडग्यांची भाजी. प्रत्येक ताटाला तोच निकाल: फक्कड. काकू काम करताना गुणगुणायला लागल्या. एकदा मला अंगणात थांबवून म्हणाल्या, "तापात माणसं जातात. माझा परत आला, आणि चांगला होऊन आला. मी तर देवीला साडी नेसवणार आहे."

माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. काकांना तिचा भारी लळा. तिच्यासाठी त्यांनी वेगळा घाणा केला. भजीवाल्याचं तेल नको म्हणून नुसतं खोबरेल, त्यात वाटलेला वाळा. रविवारी कचेरी भरली. काकांनी वडी चाटली आणि लगेच म्हणाले, "मंजूर." एरवी डोळे मिटून बराच वेळ लावायचे. मला वाटलं, लेकराचं काम म्हणून घाई.

त्या साबणानं पहिली आंघोळ घातली तेव्हा पोर किंचाळली. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या घड्या, काखा, मान, सगळं लाल. तिसऱ्या दिवशी कातडी सोललेली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "साबण कुठला?" मी सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

मी वडी घेऊन खाली गेले. मी रागावलेली होते, आणि रागावले की माझी भाषा सरळ माहेरच्या शिवारात जाते. "काका, हे काय दिलंत तुम्ही? पोरीचं कातडं गेलं नं. बघा की जरा, काय हाय ह्यात!"

काकांनी वडी घेतली. जीभ लावली. पुन्हा लावली. त्यांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. काकू पळी हातात घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी काकांच्या हातातली वडी घेतली, जिभेच्या टोकाला लावली, आणि ती परत त्यांच्या हातात देऊन थू थू करत मोरीकडे धावल्या.

"अहो, हा जाळतोय नुसता! तुम्हाला लागलं नाही?"

"नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"तापापासून जीभ मेली आहे. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, अंगठ्यानं दाबून कळेल."

काकू पदरानं तोंड पुसत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि आमटी?"

काकांनी वडी उलटसुलट करून पाहिली.

"फक्कड म्हणत होतात."

"तू वर जाऊन सांगत होतीस," काका म्हणाले. "गुणगुणत होतीस. मग माझ्यानं राहवेना."

काकू दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं उठून आत गेल्या, आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. माझा राग कुठच्या कुठं गेला. मला त्या दोघांकडे बघवेना.

संध्याकाळी काका जिना चढून वर आले. पोर मलम लावून उघडी झोपली होती. काका दाराबाहेरच थांबले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांनी झोपलेल्या पोरीला हात जोडले आणि म्हणाले, "कसूर माझा." आणि परत गेले.

पोर चार-सहा दिवसांत बरी झाली. लेकरांची कातडी लवकर भरते. बरं व्हायला वेळ लागला तो काकांना. घमेलं भिंतीशी पालथं पडलं. चष्मा त्यांनी खिळ्याला टांगला. भजीवाल्या चाचानं दोनदा डबा पाठवला, दोन्ही वेळा परत गेला. आम्हाला म्हणाले, "वापरा हवा तो साबण, परवानगी आहे." आम्ही वापरला. नालीतून फेस वाहायला लागला, लिंबोणीची पानं कडेनं पिवळी पडली, आणि काका उठून बघायलासुद्धा गेले नाहीत. खुर्चीत बसून राहायचे. ताट आलं की जेवायचे, काही न बोलता. काकू म्हणायच्या, "नावं ठेवा की हो!" तर म्हणायचे, "कशाच्या जोरावर ठेवू?"

एक दिवस काकूंनी मला आत बोलावलं. चुलीपाशी पाट दिला. म्हणाल्या, "हा माणूस असाच बसून संपून जाईल गं. साबण करायला लावू या. चाखायचं आपण बघू."

काकांना कसंबसं तयार केलं. पुन्हा पुकारा झाला, मांजर आत गेलं, घमेलं ढवळलं गेलं. काकांचा हात तोच होता. मुरायला ठेवलेला तो घाणा महिन्याभरानं बाजेवरून बाहेर आला, आणि रविवारी सगळे अंगणात जमलो. काकांनी वडी स्वतः चाटली नाही. काकूंपुढं धरली.

काकूंनी जीभ लावली, डोळे क्षणभर बारीक केले आणि म्हणाल्या, "छान झालाय."

कंडक्टरनं चाटली. "एक नंबर."

माझ्या नवऱ्यानं चाटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाला, "लई भारी, काका."

काकांनी तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. "अख्खी नोकरी मी खोट्या साक्षी ऐकण्यात घालवली," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता. "गवाह फितूर आहेत. मला वाईट वाटू नये म्हणून मंजूर करता तुम्ही. असला साबण मी कोणाच्या अंगाला लावू?" मग माझ्याकडे वळले. "बाई, कातडं तुमच्या लेकराचं सोललं होतं. तुम्ही सांगा."

काकू त्यांच्या मागं उभ्या होत्या. त्या मला डोळ्यांनी विनवत होत्या, चांगलं म्हण, चांगलं म्हण. मी वडीला जीभ लावली. आधी काही नाही. मग टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यावर होतं तसं टोकाला चुरचुरलं. काकूंचा जीव किती गोळा झालाय ते मला दिसत होतं. पण त्या सोललेल्या मांड्याही दिसत होत्या.

"काका, चावतोय," मी म्हटलं.

काकूंनी डोळे मिटून घेतले. काका खुर्चीत पुढं सरकले.

"कुठं? टोकाला का कडेला?"

"टोकाला."

"लगेच का उशिरा?"

"जरा उशिरा."

आणि काका हसले. तापानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "म्हणजे थोडाच कच्चा आहे. पळीभर तेल कमी पडलंय फक्त. अगं, किसणी काढ! सगळा घाणा किसायचा, परत चढवायचा." दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते उठले. "कोणीतरी खरं बोलतं या घरात. मग होतं काम."

मी तेव्हापासून त्या घराची जीभ झाले. रविवारी सकाळी चूळ भरून खाली जायचं, वड्या चाटायच्या आणि काका विचारतील ते सांगायचं. किती चावतो, कुठं चावतो, किती वेळ राहतो. निकाल तेच द्यायचे, मी नुसती साक्ष. नवरा म्हणायचा, शाळेतल्या बायांना सांगू नकोस. घाणा कच्चा निघाला की माझ्या जेवणाची चव जायची, भात भुशासारखा लागायचा. अशा वेळी खालून ताट-वाट्यांचा आवाज आला की मला काकांचं रोजचं जेवण आठवायचं आणि घास फिरायचा. लिंबोणी सावरली. पोर त्याच साबणानं आंघोळ करून मोठी व्हायला लागली. काकू मात्र साबणाच्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर, "छान आहे." काका त्यांची साक्ष हसून बाजूला ठेवायचे. "घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत," म्हणायचे. ते हसणं काकूंना लागत असावं, पण बोलल्या नाहीत.

पुढं आमचं चिकलठाण्याकडे स्वतःचं घर झालं. दोन खोल्या आणि समोर अंगणाएवढी रिकामी जागा, पण स्वतःची. काकांना सांगायची वेळ आली तेव्हा माझी जीभ अडखळली. नवऱ्यालाच पुढं केलं.

"मुबारक," काका म्हणाले. तिसऱ्या दिवशी अंगणात मला विचारलं, "बाई, तिकडून इकडं रविवारी येणं जमेल?" मी म्हटलं, जमेल की. दोघांनाही माहीत होतं की जमणार नाही. बस दोनदा बदलावी लागायची, आणि नवऱ्याच्या पाळ्या, आणि पोर. काकांनी मान हलवली आणि बाजेवरच्या वड्या उगाच सरळ करत बसले. बाई गेल्यावर साबण कोण चाखणार, एवढाच प्रश्न होता त्यांना. पण तो त्यांच्या सगळ्या घराएवढा होता.

आम्ही निघालो तो रविवारच होता. टेम्पो दारात लागलेला, कपाट चढलेलं, गाद्या चढायच्या होत्या. मी पोरीला कडेवर घेऊन निरोप घ्यायला खाली आले, तर काका खुर्चीत बसलेले आणि पुढ्यात वड्यांची दुरडी. आम्हाला द्यायला खास केलेला घाणा, खोबरेलाचा. नव्या घरी पोरीला पुरेल एवढा; थोड्या वड्या सकाळीच माझ्या हातातल्या पिशवीत घातलेल्या.

मी सवयीनं चूळ भरायला वळले.

"तुम्ही नाही," काका म्हणाले. त्यांनी वडी उचलून काकूंपुढं धरली.

"मला काय कळतंय त्यातलं," काकू म्हणाल्या.

"घे."

काकूंनी वडी घेतली, जिभेला टेकवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "छान झा..."

"ते लेकरू हे घेऊन चाललंय," काका म्हणाले. "तिकडं बाईंना दुसरं कोणी सांगणारं नाही. आज रात्री त्या तिला हाच साबण लावणार."

काकूंनी माझ्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. पोर त्यांच्या बांगड्यांना हात घालत होती. बाहेर टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला, कंडक्टर त्याला "थांब की रे जरा" म्हणाला. काकूंनी पुन्हा वडी उचलली. या वेळी डोळे मिटून नीट जीभ लावली, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"कच्चा आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कच्चा आहे म्हणतेय! जीभ गेली तर गेली, कानही गेले का आता?" काकूंचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "कडेला चावतोय. मागच्या घाण्यालाही तेल कमी होतं, त्याच्या मागच्यालाही. बाईच्या आधी मला कळलं होतं, मी बोलले नाही. तुम्ही विचारता कुठं मला? नुसते हसता!"

काका काकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आधीच आत ठेवलेल्या वड्या एकेक करून बाहेर काढल्या, परत दुरडीत टाकल्या आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

"जा बाई आता तुम्ही," ते म्हणाले. "टेम्पोवाला खोळंबलाय."

आणि काकूंकडे वळून विचारलं, "कडेला म्हणजे डाव्या का उजव्या?"

"डाव्या-उजव्याचं काय घेऊन बसलात, आधी तेल काढा," काकू म्हणाल्या.

आम्ही टेम्पोत बसलो तेव्हा ती दोघं पाठमोरी होती, तेल किती घालायचं यावरून भांडत. आम्हाला हात करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. नवरा म्हणाला, "बघ, एवढी वर्षं ऱ्हायलो आपण, साधं वळून पाहिलं नाय." मला रडू येत होतं, आणि फार बरं वाटत होतं. वाटेत एका दुकानापाशी टेम्पो थांबवून आम्ही साबणाची वडी घेतली.